भातुकलीनंतरचा खेळ

भातुकलीचे नियम कोणी कधी छापले नाहीत. ओसरीवर जमलेल्या चार मुलांना पानांचा भात, मातीची भाजी आणि कोपऱ्यातला पाट म्हणजे मामाच्या गावाला जाणारी आगगाडी, एवढे ठरवायला क्षणाचाही अवधी लागत नाही. खेळ बिघडतो तो निराळ्याच ठिकाणी. एक मूल म्हणते, "मी चोर, आणि मी तुमची सगळी भांडी पळवली." दुसरे म्हणते, "छट्, मी आधीच दाराला कुलूप लावले होते." दोघांचेही म्हणणे खरे, कारण दोघांनीही ते त्याच क्षणी कल्पिलेले असते. ह्या फिर्यादीचा निवाडा करणारे न्यायासन भातुकलीत नाही. मग रुसवेफुगवे होतात, कोणी घरी निघून जाते, आणि मांडलेला संसार तसाच राहतो.

इंग्रजीत ज्याला 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात, त्या भूमिकाखेळाने भातुकलीत दोनच गोष्टींची भर घातली आहे. एक, निवाडा करणारा माणूस. आणि दुसरी, फासा. टेबलाभोवती तीन-चार जण बसतात. त्यांतला एक सूत्रधार होतो. तो सांगतो, "धर्मशाळेच्या तळघराचे दार अर्धवट उघडे आहे. आत अंधार आहे, आणि कसली तरी खुडबुड ऐकू येते आहे. तू काय करतेस?" बाकीच्यांपैकी प्रत्येकाने एकेक पात्र पत्करलेले असते, आणि त्या पात्राच्या वतीने तो उत्तर देतो. उत्तरातील कृती सहज घडण्यासारखी असेल तर ती घडते. घडेल की नाही ह्याची शंका असेल तर फासा टाकायचा आणि तो सांगेल ते सर्वांनी मानायचे. संस्कृत नाटकातील सूत्रधाराला शेवट ठाऊक असतो. ह्या सूत्रधाराला तो ठाऊक नसतो, हा फरक महत्त्वाचा आहे. येथे जिंकणारा नाही आणि हरणाराही नाही. गोष्ट पुढे जाते, एवढीच ह्या खेळाची मिळकत.

आज हा खेळ मुलाने मागितला तर त्याचे मूळ बहुधा पडद्यावर असते. २०१६ साली सुरू झालेल्या 'स्ट्रेंजर थिंग्ज' ह्या अमेरिकन मालिकेच्या आरंभीच चार मुले तळघरात बसून असा खेळ खेळताना दिसतात. तो पाहून मूल हट्ट धरते, आणि पालक मोठ्या हौसेने त्या खेळाचा मुख्य ग्रंथ मागवतात. २०१४ सालच्या आवृत्तीत ह्या ग्रंथाची ३२० पाने होती. शिवाय सूत्रधाराचा ग्रंथ वेगळा आणि राक्षसांची सूची तिसरी. आठ वर्षांच्या मुलापुढे हे ठेवणे म्हणजे पोहायला शिकण्यासाठी आलेल्याच्या हाती बंदर खात्याची नियमावली देणे होय. ग्रंथ कपाटात जातो. खेळ आपल्याला जमण्यासारखा नाही असा मुलाचा ग्रह होतो, आणि तो दूर करणे पुढे फार अवघड जाते.

हा खेळ मुलांसाठी जन्मलेलाच नव्हता, हे ध्यानात घेतले की निवडीचा प्रश्न निम्मा सुटतो. त्याचे कूळ लष्करी आहे. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावरच्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. त्यात फासे होते आणि दोन्ही पक्षांचे हुकूम ऐकून निर्णय देणारा पंच होता. पुढे ते नियम इतके जड वाटू लागले की काही अधिकाऱ्यांनी कोष्टके बाजूला सारून सारा निवाडा अनुभवी पंचाच्या तारतम्यावर सोपवला. ही गोष्ट मुलाबरोबर खेळायला बसणाऱ्या प्रत्येक पालकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

ह्या युद्धखेळाचे रूपांतर अमेरिकेत झाले. मिनेसोटा राज्यातील डेव्हिड वेसली ह्या तरुणाने १९६९ साली 'ब्राउनस्टाइन' नावाच्या एका कल्पित जर्मन गावात नेपोलियनच्या काळातील लढाई मांडली. मात्र सैन्ये वाटण्याबरोबरच त्याने काही खेळाडूंना गावातील एकेका व्यक्तीची भूमिकाही दिली. एकाला गावचा नगराध्यक्ष केले, एकाला विद्यार्थ्यांचा पुढारी. लढाई सुरू व्हायच्या आधीच ही मंडळी कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन आपसांत कुजबुजू लागली, करार करू लागली, एकमेकांना फसवू लागली. नियमांत ह्यांपैकी कशाचीच तरतूद नव्हती. प्रयोग पूर्णपणे फसला अशी वेसलीची समजूत झाली. खेळाडू मात्र पुन्हा कधी खेळायचे, असे विचारू लागले. त्यांच्यात डेव्ह आर्नेसन होता. त्याने हीच कल्पना किल्ले, भुयारे आणि चेटूक ह्यांच्या जगात नेली; आणि विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा ह्या छोट्या गावच्या गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४ साली 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. लाकडाच्या रंगाची पेटी, आत तीन पुस्तिका, किंमत १० डॉलर आणि पहिली छपाई १००० प्रतींची. मुखपृष्ठावर त्याचे वर्णन युद्धखेळ असेच होते.

त्या पुस्तिका वाचून खेळ समजणे मोठ्या माणसांनाही कठीण जाई. तेव्हा जे. एरिक होम्स ह्या गृहस्थांनी नवशिक्यांसाठी तेच नियम सोपे करून लिहिण्याची तयारी दाखवली आणि १९७७ साली पहिली 'बेसिक' पेटी निघाली. होम्स हे मज्जासंस्थेच्या विकारांचे प्राध्यापक होते. मेंदू जाणणाऱ्या माणसालाच हे काम सुचावे, ह्यात काही संगती असेलही. १९८१ साली टॉम मोल्डवे ह्यांनी आणि १९८३ साली फ्रँक मेन्ट्झर ह्यांनी ते आणखी सोपे केले. मेन्ट्झरच्या लाल पेटीत नियम शिकवण्याआधी एक गोष्ट होती आणि ती मुलाने एकट्यानेच वाचत वाचत खेळायची होती. तिच्यात अलीना नावाची एक मनमिळाऊ धर्मसेविका भेटते, जखमा बांधते, सोबत करते. आणि थोड्याच वेळात बार्गल नावाच्या दुष्ट जादूगाराच्या बाणाने ती मरते. त्या वेळची मुले आज पन्नाशीत आहेत, आणि त्यांच्यातील कित्येकांना नियम आठवत नसले तरी अलीना आठवते.

येथे निवडीच्या पहिल्या कसोटीशी आपण येऊन पोचतो. पेटीवरचे चित्र, फाशांचे रंग, मुलाच्या मित्राकडे कोणता खेळ आहे, ह्या साऱ्या गोष्टी दुय्यम होत. पुस्तक हाती घेताच पाहायचे ते हे, की ह्या खेळात फासा उलटा पडला म्हणजे काय होते? १९७४ च्या खेळात नवख्या जादूगाराचे सारे बळ एका फाशाच्या आकड्याइतके असे आणि शत्रूचा एक घावही तेवढाच असे. म्हणजे पहिल्याच घावात पात्र मरणे अगदी शक्य. मग नवे पात्र घडवायचे, नाहीतर इतरांचा खेळ बघत बसायचे. मोठ्यांना ह्यात थरार वाटतो. सात वर्षांच्या मुलाने अर्धा तास खपून ज्याला नाव दिले, तलवार दिली, पाळीव ससा दिला, ते पात्र दहाव्या मिनिटाला नाहीसे झाले, तर मुलाच्या दृष्टीने खेळाने त्यालाच हाकलून दिलेले असते.

ह्या अडचणीवर निरनिराळ्या रचनाकारांनी काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. ग्रेग कॉस्टिक्यन ह्यांच्या 'टून' ह्या १९८४ च्या खेळात पात्रे व्यंगचित्रपटातील प्राण्यांसारखी असतात. ती मरत नाहीत, नुसती आडवी होतात. ज्याचे पात्र आडवे झाले त्याने तीन मिनिटे स्वस्थ बसायचे आणि मग पुन्हा खेळात यायचे. घड्याळ लावून तीन मिनिटे! 'माउस गार्ड' ह्या २००८ च्या खेळात डेव्हिड पीटरसन ह्यांच्या चित्रकथांतील पहारेकरी उंदीर ऋतुचक्राशी, पुराशी आणि घुबडांशी झुंजतात. ल्यूक क्रेन ह्यांनी त्याचे नियम करताना अपयशाला दोन वाटा ठेवल्या. फासा उलटला तर सूत्रधार एकतर गोष्टीला नवे वळण देतो, नाहीतर काम होऊ देतो पण उंदीर दमतो, उपाशी राहतो किंवा चिडतो. अपयश आले तरी गोष्ट थांबत नाही. हा खेळ मात्र दहा-बारा वर्षांच्या मुलासाठी; त्याचे नियम दिसतात तितके सोपे नाहीत.

अगदी लहान मुलासाठी मार्टिन लॉइड ह्यांचे 'अमेझिंग टेल्स' हे पुस्तक उत्तम आहे. वय चार वर्षे असले तरी चालते. मुलाने आपल्या पात्राच्या अंगचे चार गुण सांगायचे. ते गुण कोणतेही असोत. "लपणे", "प्राण्यांशी बोलणे", "वेगाने धावणे", "लाडू करणे" असेही चालेल. मग बारा, दहा, आठ आणि सहा बाजूंचे चार फासे त्या गुणांना वाटून द्यायचे. सर्वांत आवडत्या गुणाला बारा बाजूंचा. फाशावर तीन किंवा त्याहून अधिक पडले की काम फत्ते. हिशेब केला तर बारा बाजूंच्या फाशावर बारांत दहा वेळा यश येते आणि सहा बाजूंच्या फाशावरही सहांत चार वेळा. मूल बहुतेक वेळा जिंकते. क्वचित हरते, आणि त्या हरण्यालाही किंमत राहते. एक पालक आणि एक मूल एवढ्यावर हा खेळ उभा राहतो. ज्या सदनिकेत मूल एकुलते एक आहे आणि शेजारची मुले शिकवणीला गेलेली आहेत, तेथे हे बळ लहान नव्हे.

घरात दोन वयांची भावंडे असतील तर मॉन्टी कुक आणि शॅना जर्मेन ह्यांच्या 'नो थँक यू, ईव्हिल!' ह्या खेळाची युक्ती उपयोगी पडते. त्यात पात्र म्हणजे एक वाक्य. सर्वांत धाकट्याने नुसते नाम सांगायचे, "मी चाचा आहे." जरा मोठ्याने त्याला विशेषण जोडायचे, "मी विसराळू चाचा आहे." त्याहून मोठ्याने पात्र काय करते तेही सांगायचे, "मी ढगांवर स्वार होणारा विसराळू चाचा आहे." वाक्य जसजसे लांबते तसतसे नियम वाढतात, आणि तिघेही एकाच टेबलाशी बसतात. व्याकरणाचा तास इतका सुखाचा क्वचितच होत असेल.

जस्टिन हॅलिडे ह्यांचा २०१२ चा 'हीरो किड्स' चार ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्याला लुडोतले साधे फासे पुरतात; पात्रे आयती मिळतात; पहिल्या साहसात एका धर्मशाळेच्या तळघरात शिरलेल्या राक्षसी उंदरांचा समाचार घ्यायचा असतो. मांडणी सुटसुटीत आहे आणि तासाभरात आटोपते. एक गोष्ट मात्र जाणून असावे. ह्या खेळाचा कल लढाईकडे आहे, आणि पालकाची खरी परीक्षा तेथेच होते. समजा, आठ वर्षांची मुलगी आहे. इतरांनी तलवारी उपसल्या आहेत. सूत्रधार झालेल्या वडिलांनी विचारले, "तू काय करतेस?" आणि ती म्हणाली, "मी उंदरांना विचारते, तुम्ही इथे का आलात?" पुस्तकात ह्याचे उत्तर नाही. उंदीर बोलतात असे कोठे छापलेले नाही. न बोलण्याचेही कलम नाही. वडील जर म्हणाले, "अगं, असं नसतं, ते शत्रू आहेत, फासा टाक," तर खेळ चालूच राहील. पण त्या मुलीचा खेळ तेथे संपला. ह्या टेबलाशीही मोठ्यांना हवे असलेले उत्तर ओळखायचे असते, हे तिला समजले. आणि ते तर ती शाळेत रोज करतेच. वडील क्षणभर थांबून म्हणाले, "सर्वांत मोठा उंदीर कान टवकारतो. टाक फासा, त्याला तुझं म्हणणं पटतं का बघू," तर ब्राउनस्टाइन गावात १९६९ साली घडले तेच त्या दिवाणखान्यात घडले असे समजावे.

ज्यांना लढाई मुळातच नको असेल त्यांच्यासाठी र्यो कामिया ह्यांचा 'युयाके कोयाके' हा २००६ चा जपानी खेळ इंग्रजीत 'गोल्डन स्काय स्टोरीज' ह्या नावाने उपलब्ध आहे. एका खेड्यात माणसाचे रूप घेऊ शकणारे कोल्हे, मांजरे, ससे राहतात आणि कोणाचे भांडण मिटव, कोणा एकट्या पोराला सोबत कर, अशी कामे करतात. त्यात मारामारी नाही आणि फासेही नाहीत. शांत स्वभावाच्या मुलाला तो फार मानवतो. दांडगोबाला बहुधा मानवणार नाही, आणि त्याला तो शिक्षा म्हणून खेळायला लावू नये.

हे सारे खेळ इंग्रजी पुस्तकांतून येतात, ह्याची पुष्कळांना धास्ती वाटते. ती अनाठायी आहे. पुस्तक वाचायचे असते सूत्रधाराने. मूल फक्त ऐकते आणि बोलते. बडोदे, इंदूर, बंगळूर, दिल्ली येथील मराठी घरांत तर ह्या गोष्टीला वेगळेच महत्त्व आहे. तेथील मूल मराठी बोलते ते बहुतेक "जेवायला ये" आणि "अभ्यास झाला का" ह्यांची उत्तरे देण्यापुरते. पहारेकऱ्याला गोड बोलून फसवणे, जखमी सोबत्याला धीर देणे, राजाकडे तक्रार मांडणे, ह्या प्रसंगांची मराठी त्याला रोजच्या जगण्यात लागतच नाही. ती येथे लागते, आणि त्याची स्वतःची गरज म्हणून लागते. शब्द अडला तर त्याने हिंदी किंवा कानडी शब्द वापरावा. सूत्रधाराने पुढच्या वाक्यात मराठी शब्द सहज पेरावा आणि दुरुस्ती करण्याचा मोह आवरावा. 'डन्जन' चे भुयार करावे, 'कॅसल' चा गड करावा. पण म्हणून प्रत्येक गडावर इतिहासाचा पाठ घेऊ नये. मुले उपदेशाचा वास लांबून ओळखतात.

घरातील वडीलधाऱ्यांची हरकत निराळी असते. फासे म्हटले की त्यांना सभापर्व आठवते. त्यांना एवढेच सांगावे की येथे पणाला काही लावायचे नसते. दुसरी एक हरकत अमेरिकेतून आलेली आहे. १९८० नंतरच्या दशकात तेथील काही पालकांनी आणि धर्मसंस्थांनी, ह्या खेळाने मुले कल्पना आणि वास्तव ह्यांतला भेद विसरतात, अशी ओरड केली. १९८२ साली त्यावर 'मेझेस अँड मॉन्स्टर्स' नावाचा दूरचित्रपटही निघाला आणि त्यात तरुण टॉम हँक्सने काम केले. त्या भीतीला पुराव्याचा आधार पुढे मिळाला नाही. भातुकलीतला मातीचा भात खाणारे मूल कोणी पाहिले असेल तर ते दीड वर्षाचे असते. भीती वाटते ती खऱ्या अर्थाने काही मुलांना अंधाराची, कोळ्यांची, आई हरवण्याची. आणि ती मात्र मानलीच पाहिजे. कित्येक टेबलांवर फुली काढलेला एक कागद मध्ये ठेवण्याची पद्धत आहे. कोणीही त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग कारण न विचारता बाजूला सारायचा. लहान मुलांच्या खेळात हा कागद अवश्य असावा.

फाशांसाठी अडून राहण्याचे कारण नाही. बहुबाजूंचे सात फाशांचे संच आता भारतात घरपोच मिळतात. न मिळाले तर चिठ्ठ्या चालतात. १९७९ साली अमेरिकेतच फासे अपुरे पडले तेव्हा प्रकाशकांनी बेसिक पेटीत फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले होते, आणि मुलांनी ते पेल्यांतून उचलून खेळ चालवला. पैशाचा प्रश्नही पूर्वीइतका राहिलेला नाही. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' चे मूळ नियम जानेवारी २०२३ मध्ये सर्वांना मुक्त वापरासाठी खुले करण्यात आले. मात्र फुकट मिळतात म्हणून तेथून सुरुवात करण्याची चूक करू नये.

पहिली बैठक पाऊण तासाहून अधिक लांबवू नये, आणि ती जेवणाच्या आधी ठेवावी. नंतर ठेवली तर झोप आणि राक्षस एकाच वेळी येतात. पुस्तक सूत्रधाराने आदल्या दिवशी वाचून मिटून ठेवावे. मधेच एखादा नियम आठवला नाही तर पाने चाळत बसण्यापेक्षा फासा टाकून पुढे जावे. प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांनाही शेवटी हेच सोयीचे वाटले. मुलाने पात्राचे नाव, गुण आणि सामान लिहिलेला कागद त्याच्याच ताब्यात द्यावा. तो चुरगळेल, त्यावर मागच्या बाजूला नकाशा निघेल, सशाला पिल्ले झाल्याची नोंद होईल. पाच-सहा बैठका झाल्या की मूल एक दिवस म्हणते, "आज मी सांगतो, तुम्ही खेळा." त्याने रचलेल्या भुयारात पहिल्या वळणावर ड्रॅगन असेल आणि दुसऱ्या वळणावर आइस्क्रीमचे दुकान. तेथे पालकाने शहाणपणा दाखवू नये; फासा टाकावा. नऊ-दहाव्या वर्षी वाचनाची गोडी असेल आणि तीन-चार सोबती जमत असतील, तर २०१४ च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' ची आरंभपेटी त्याच्या हाती द्यावी. तिच्यात ३२ पानांचे नियम, ६४ पानांचे साहस, पाच तयार पात्रे आणि सहा फासे आहेत. आणि कपाटातला तो ३२० पानांचा ग्रंथ मग त्याचा तोच काढून घेईल.